पावसाळ्यात उघडे ठेवलेले घर

आमचे घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या खाडीपासून थोड्या अंतरावर नारळ-सुपारीच्या वाडीत आहे. त्यातल्या चार खोल्या राज्य शासनाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदवून आम्ही पर्यटकांना देतो. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत निदान शनिवार-रविवारी तरी त्या रिकाम्या राहत नाहीत. जूनचा पहिला पाऊस पडला, की फोन वाजायचा थांबतो.

सुरुवातीची दोन वर्षे आम्ही आगोटीची कामे उरकून, म्हणजे कौले परतून, लाकूडफाटा आत घेऊन आणि पडवीला विणलेल्या झावळ्यांच्या झापांचा आडोसा बांधून, पाहुण्यांच्या खोल्यांना सरळ कुलुपे लावत होतो. गणपतीच्या तोंडावर ती उघडली तेव्हा गाद्यांवर हिरवट बुरशी चढलेली होती, कपाटांची दारे फुगून बसली होती आणि एका चौकटीत वाळवीने घर केले होते. जांभ्याची भिंत पाणी पिते हे लहानपणापासून ऐकले होते. ती किती पिते, हे त्या दिवशी कळले. दुरुस्तीचा खर्च पाहून सासूबाई एवढेच म्हणाल्या, “माणूस नसलेलं घर पावसात टिकत नाही.”

तेव्हापासून आम्ही दोन खोल्या पावसाळाभर चालू ठेवतो. उरलेल्या दोन खोल्यांच्या गाद्या चुलीवरच्या माळ्यावर जातात. त्यांना धुराचा वास लागतो खरा, परंतु बुरशीपेक्षा तो परवडतो, कारण ऑक्टोबरच्या उन्हात तो निघून जातो. चालू खोल्यांमध्ये मात्र कोणी राहिले की पंखा फिरतो, खिडक्या उघडतात, चादरी बदलल्या जातात आणि ओल साचायला वेळच मिळत नाही.

खरी लढाई चादरींची असते. उन्हाळ्यात एका पलंगामागे तीन जोड पुरतात. जुलैमध्ये पडवीत दोन दिवस टांगलेली चादरही हाताला गारच लागते, त्यामुळे सहा जोड ठेवावे लागतात आणि शेवटी प्रत्येक चादर इस्त्रीखालीच वाळवावी लागते. वीज गेली, की तेही नाही. म्हणूनच “ऑफ सीझन आहे, निम्म्या दरात द्या” असे कोणी म्हटले की मी नम्रपणे नकार देते. पावसाळ्यातला पाहुणा आम्हाला मे महिन्यातल्या पाहुण्यापेक्षा महाग पडतो, ही गोष्ट फोनवर पटवून देणे मला अजून जमलेले नाही. दोन खोल्यांच्या भाड्यातून मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार आणि विजेचे बिल निघाले, तरी आम्ही महिना चांगला गेला असे समजतो.

फोनवर मी सगळे आधीच सांगून टाकते. समुद्र गढूळ आणि खवळलेला असतो, त्यात उतरता येणार नाही. माशांच्या विणीच्या काळात, 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते; जवळच्या हर्णै बंदरातल्या बोटी खाडीत आसऱ्याला येऊन उभ्या असतात, त्यामुळे ताजी सुरमई ताटात येणार नाही. सोडे, सुकट, फोडशीची भाजी, अळूचे फदफदे आणि सकाळी गरम घावणे मिळतील. हे ऐकून निम्मे लोक फोन ठेवतात. जे तरीही येतात, ते बहुधा ओसरीवर बसून पाऊस पाहणारे असतात आणि त्यांना सारखे काही दाखवत बसावे लागत नाही.

वाडीबद्दलही ते विचारतात, कारण मधला पट्टा अजून उघडाबोडका दिसतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमची निम्म्याहून अधिक झाडे काही तासांत आडवी केली. नव्याने लावलेल्या सुपारीला धरायला वर्षे लागतात, आणि ज्या सावलीसाठी लोक मे महिन्यात इथे येत, ती सावली अजून पुरती परतलेली नाही. रोपे लावायला आणि आळी करायला वेळ मिळतो तो मात्र याच रिकाम्या महिन्यांत. गेल्या जुलैत चार दिवस राहिलेले एक निवृत्त जोडपे एका सकाळी आपणहून छत्री घेऊन वाडीत आले आणि काकांनी माझ्याबरोबर सात रोपे लावली. जाताना त्यांनी प्रत्येक रोपाशेजारी खुणेची काठी रोवली. त्यांतली पाच रोपे जगली आहेत. दोन खेकड्यांनी कुरतडली, हे मी त्यांना अजून कळवलेले नाही.