आमची वाटचाल: उठावाचं काम, रंगाची बेतशीर साथ

कागदावर दाबून नक्षी वर उठवलेली शुभेच्छा-कार्डं करायचं आमचं काम जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. मी, माझ्या मोठ्या जाऊबाई, एक काच, काचेखाली टेबललॅम्प आणि पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेले कागद. गांधीजींच्या प्रेरणेने 1940 साली उभी राहिलेली ही संस्था. तिथला सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद एकदा हाताळला आणि गुळगुळीत कार्डशीट आम्हाला परत आवडलंच नाही.

पुठ्ठ्यात कोरलेली नक्षी काचेवर ठेवायची, तिच्यावर कागद पालथा घालायचा आणि उजेडात दिसणाऱ्या कडेने गोल टोकाची सळई दाबून फिरवायची. कागद सुलटा केला की नक्षी वर आलेली! बारशाच्या पहिल्याच कार्डावर मात्र बाळाचं नाव उलटं उमटलं; अक्षरांची नक्षी पालथी ठेवायला हवी, हे ध्यानातच आलं नव्हतं. जाड कागद तर कडेला फाटायचाच. मग जाऊबाईंनी मागच्या बाजूने ओला स्पंज हलकेच फिरवून पाहिला. जेमतेम दमट कागद ताण सहन करतो. आमचं निम्मं काम या एका युक्तीवर उभं आहे.

रंगात आम्ही जास्त चुकलो. कमळाची पाकळी न् पाकळी जलरंगाने भरायचो आणि एवढ्या मेहनतीचा उठाव त्याखाली हरवायचा. उठाव दिसतो तो सावलीमुळे, आणि सावली उठून दिसायला कागद कोरा लागतो. आता शाईचं पॅड आडवं धरून नुसतं उंचवट्यांवरून सरकवतो, नाहीतर खडूची पूड कापसाने टेकवतो.

सोनेरी अक्षरांसाठी ओल्या शाईवर उष्णतेने वितळणारी सोनेरी पूड भुरभुरवून, जादाची झटकून, उरलेली हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, वितळवायची. साध्या स्टॅम्पपॅडची शाई हा कागद लगेच पिऊन टाकतो, म्हणून सावकाश वाळणारी पिगमेंट शाईच हवी. एका जुलैत 150 कार्डांची ऑर्डर होती. सर्दावलेल्या कागदावर पूड नको तिथे चिकटली, उष्णतेने पक्की झाली आणि 60 कार्डं टाकून द्यावी लागली. तेव्हापासून आधी टाल्कम पावडरची पुरचुंडी कागदावरून फिरवतो.

सध्या दिवाळीच्या पणत्या चालू आहेत. पणती कोरी, ज्योतीला तेवढा केशरी. "रंग भरायचा राहिला का हो?" असं कुणी विचारलं की जाऊबाई ते कार्ड खिडकीपाशी तिरपं धरून दाखवतात.