तुम्ही विचारलंत म्हणून : चिडचिड 'होते' की 'करतात'?

"मॅडम, एका चिडचिडीवर तुम्ही एवढ्या का अडता?" दवाखान्यांची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं मी मराठीत करून देते. गेली चार वर्षं हा प्रश्न डीटीपीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. वहिनीनं तर "तुला शब्दांचा चळ लागलाय" असंही सांगून टाकलं. असेल. तरी एकदा सांगतेच.

माझं भांडण चिडचिडीशी नाहीच, तिच्या शेपटाशी आहे. माझी चिडचिड 'होते'. सासूबाई चिडचिड 'करतात'. आपली ती उकाड्यासारखी येते, आपण काय करणार. दुसऱ्याची मात्र त्याचा स्वभाव असतो. पिरपिर, चुळबुळ या तर करण्याच्याच गोष्टी, बाहेरून दिसणाऱ्या. तगमग तेवढी होते. 'तो फार तगमग करतो' असं म्हणून बघा, जीभ अडखळते.

अण्णांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. उलट्या थांबेनात म्हणून सलाइनमधून उलटीचं इंजेक्शन चालू होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कॉटवर उठून बसले. पाय खाली सोडले, वर घेतले, परत सोडले. चप्पल चाचपली, उभे राहिले, सलाइनचा स्टँड ओढत दारापर्यंत गेले आणि परत आले. बसले की लगेच उठायचे. उभ्यानंसुद्धा भार या पायावरून त्या पायावर.

"अण्णा, पडा ना जरा."

"बसवत नाही गं."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी पांघरूण फेकलं, थेट माझ्या अंगावर. ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी करून प्रवाशावर आवाज न चढवलेला माणूस.

रात्रपाळीचे डॉक्टर नवे होते, मराठी न येणारे. काय होतंय, हिंदीत विचारलं. आणि मी, शब्दांवर पोट भरणारी बाई, म्हणाले, "बहोत चिडचिड कर रहे हैं." त्यांनी लिहून घेतलं आणि शांत करायचं इंजेक्शन दिलं. हॅलोपेरिडॉल; नाव मी नंतर केसपेपरवर वाचलं.

तो व्हरांडा ४२ पावलांचा होता. पहाटे तीनला मी मोजली, कारण अण्णा थांबतच नव्हते. मध्येच भिंतीला कपाळ टेकवायचे, पाय मात्र जागच्या जागी चालूच. "आतून कुणीतरी ढकलतंय," म्हणाले. मी म्हटलं, "हळू बोला, लोक झोपलेत." एवढंच म्हटलं.

सकाळच्या सिस्टरांनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "आजोबा, राग येतोय की बसवत नाही?"

"राग कुणाचा यायचा, बाई? बसवत नाही."

त्या केसपेपर घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. दोन्ही इंजेक्शनं बंद झाली, उतारा म्हणून एक औषध दिलं. संध्याकाळी अण्णांनी खुर्चीत बसून अर्धा कप चहा घेतला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

याला अकाथिसिया म्हणतात. उलटीच्या मेटोक्लोप्रमाइडनं होऊ शकतो, हॅलोपेरिडॉलनंही. आणि बघणाऱ्यानं चिडचिड समजून तसलंच औषध वाढवलं की आणखी चिघळतो. शब्द घडवला प्रागच्या लादिस्लाव हाश्कोवेत्सनं १९०१ साली, ही औषधं यायच्या कितीतरी आधी, ग्रीकवरून. अर्थ, न बसवणं. म्हणजे अण्णांनी अचूक भाषांतर माझ्या तोंडावर ठेवलं होतं. 'बसत नाही'मध्ये हट्ट असतो, 'बसवत नाही'मध्ये नसतो. शाळेत शक्य क्रियापद म्हणून हेच तर घोकलं होतं.

चूक डॉक्टरांची, असं तुम्ही म्हणाल. वर्षभर मीही तेच म्हणत होते. कुठलं इंजेक्शन चालू आहे ते त्यांनी बघायला हवंच होतं. पण वाक्य त्यांच्यापर्यंत नेलं मी. मग वाटतं, पांघरूण फेकलंच होतं ना? ज्याला बसवत नाही त्याला सारखं बसा बसा म्हटलं तर तो चिडणारच. म्हणजे मी बोलले ते खोटंही नव्हतं, आणि नेमकं हेच मला पचत नाही. खोटं असतं तर माफी तरी मागता आली असती. अण्णांना विचारलं, तर त्यांना ती रात्र नीट आठवतही नाही.

तेव्हा होय, मी अडते. पण पर्याय काय, हे विचाराल तर माझ्याकडेही धड नाही. 'अस्वस्थता' परीक्षेआधीही असते. 'तगमग' तपासणाऱ्यांना कवितेतली वाटते. 'बसवत नाही' लिहिलं तर तक्त्यात नाम हवंय म्हणतात. परवाच एक पत्रक परत आलं. माझं 'एका जागी बसवत नाही' खोडून तिथे 'चिडचिड करणे' घातलेलं. मी 'करणे'चं 'होणे' केलं, मग तेही खोडलं. सोमवारी द्यायचंय, आणि तो रकाना अजून रिकामाच आहे.