बोटीत शिरलेली गाडी आणि आजीचं वर्धा

पहाटे धाडकन आवाज झाला, डबा मागे गेला, पुन्हा पुढे, आणि खिडकीबाहेर बघते तर लोखंडी भिंत! हाताच्या अंतरावर. आमची गाडी बोटीच्या पोटात शिरत होती आणि नवरोबा वरच्या बर्थवर ढाराढूर.

आदल्या रात्री अकराच्या सुमारास आम्ही रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून बसलो होतो, जायचं होतं सिसिलीत सिराकुसाला. विमानाने तासाभराचं काम, सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण मला ही गाडी बघायचीच होती, कारण मेन इटली आणि सिसिली यांच्यामध्ये समुद्र आहे, तीनेक किलोमीटरच, पण पूल नाही, म्हणून अलीकडच्या काठावर, व्हिला सान जोव्हानीला, गाडीचे तुकडे करून डबे बोटीतल्या रुळांवर ढकलतात. इंजिन काठावरच राहतं, पलीकडे मेसिनाला दुसरं. आणि मेसिनालाच गाडी फुटते, अर्धे डबे पालेर्मोला, अर्धे सिराकुसाला. 1899 पासून गाड्या अशाच पाणी ओलांडतायत.

गाडी फुटते म्हटल्यावर मला आजीच आठवली. आम्ही मूळचे चंद्रपूरचे, मुंबईहून घरी जायचं तर वर्ध्याला डबे तुटायचे, बाकीची गाडी नागपूरला आणि आपले स्लिप कोच बल्लारशाला. आजी वर्धा यायच्या आधीच उठून बसायची आणि शेजारच्याला विचारायची, हा डबा बल्लारशाचाच ना? मुंबईपासून हाच प्रश्न तीनदा तरी व्हायचाच. (ब्रिटनमध्ये पूर्वी स्लिप कोच म्हणजे धावत्या गाडीतून सोडून दिलेला डबा. हे आजीला कळलं असतं तर ती एसटीनेच गेली असती.)

हे झोपायचे डबे थेट पाठवायचं खूळ युरोपात रुजवलं ते नागेलमाकर्स नावाच्या बेल्जियन माणसाने. बँकवाल्यांच्या घरातला, अमेरिकेत पुलमनच्या स्लीपर गाड्या बघून आला आणि 1876 मध्ये वॅगाँ-ली कंपनी काढली. आयडिया अशी की रूळ आणि इंजिन ज्या त्या देशाचं, डबा आणि अटेंडंट कंपनीचा, तिकीट रेल्वेचं आणि झोपायचे जास्तीचे पैसे कंपनीला. इंजिनं बदलत राहतात, तुमची उशी तीच. 1883 ला त्यांची ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून निघाली खरी, पण इस्तंबूलला थेट जातच नव्हती, डॅन्यूब नदीला उतरा, नावेने पलीकडे, मग दुसरी गाडी वार्ना बंदरापर्यंत, मग बोट. थेट गाडी झाली 1889 मध्ये. पुढच्याच वर्षी कंपनीची पेनिन्सुलर एक्सप्रेस सुरू झाली, फ्रान्सच्या कॅलेहून खाली इटलीच्या ब्रिंडिसीपर्यंत, तिथून पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटीने लोक पुढे आपल्या मुंबईला यायचे! आणि लंडन-पॅरिस नाइट फेरी, 1936 ते 1980, तिचे डबे असेच बोटीत साखळ्यांनी बांधायचे, त्यात म्हणे प्रवाशांसाठी लाइफ जॅकेटंही असायची. रेल्वेच्या डब्यात लाइफ जॅकेट, झोप लागेल कुणाला!

आमच्या डब्यात तसलं काही नव्हतं. बेसिन, पाण्याची बाटली, पांढऱ्या सपाता, बस. मी त्या सपाता घालूनच उतरले, रुळांमधून तेलकट लाद्यांवरून जिना चढून वर डेकवर. वर एकदम उजेड, खारा वारा आणि कॅफेत आरांचिनो! म्हणजे भाताचा मोठा गोळा, आत खिमा-मटाराचं सारण, वरून ब्रेडक्रम्ब्स लावून तळलेला, आपल्या बटाटावड्याचा श्रीमंत मावसभाऊ. यावरून सिसिलीत भांडणं आहेत, पूर्वेकडचे आरांचिनो म्हणतात म्हणजे पुल्लिंगी, पालेर्मोवाले आरांचिना, स्त्रीलिंगी. एकाच बोटीत दोन्ही पार्ट्या असल्यामुळे मी बोट दाखवून घेतला, उगाच रिस्क कशाला. तेवढ्यात बंदराच्या तोंडाशी उंच खांबावरची सोनेरी मादोन्ना, म्हणजे मेरीमातेची मूर्ती, दिसली आणि लोक जिन्याकडे पळाले.

आणि इथे माझा पोपट झाला. खाली डब्यांच्या दोन-तीन रांगा, सगळे सारखेच, सगळे बंद, अर्धवट उजेड. घाईघाईत एका डब्यात चढले, केबिनचं दार ठोठावलं, आतून बनियनवरचे एक आजोबा. सॉरी सॉरी करत विचारलं, सिराकुसा? आजोबांनी मान हलवली, "नो, नो, पालेर्मो!" अंगावर काटा आला हो. पर्स नवऱ्याकडे, फोन नवऱ्याकडे, पायात त्या सपाता, आणि नवरा पलीकडच्या रांगेत घोरतोय. आजोबांनीच दारातून ओरडून अटेंडंटला बोलावलं, त्याने मला अक्षरशः दंडाला धरून दोन रांगा पलीकडे नेऊन सोडलं.

मेसिनाला तासभर शंटिंग चाललं. कातानियाच्या अलीकडे उजव्या हाताला एटना ज्वालामुखी दिसायला लागला, डोक्यावर धुराची शेंडी, तेव्हा कुठे नवरोबा खाली उतरले आणि डोळे चोळत विचारतात, "बोट कधी येणार?"

मी उत्तरच दिलं नाही, कारण तेवढ्यात आईचा फोन आला. पोचलात का, खाल्लं का, काही नाही. पहिला प्रश्न, "डबा बघून बसलात ना गं?"