चुकीचं माप, ढगळ भोक आणि अकरा विटा

खिडकी लहान पडली. खरं तर खिडकी बरोबर आली आहे, माप मीच चुकीचं दिलं. जुन्या लाकडी चौकटीला आतून टेप लावला, १२०० बाय १२०० मि.मी. आलं आणि तेच नव्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) फ्रेमचं बाहेरचं माप म्हणून कळवून मोकळा झालो. चौकटीचं लाकूड चारी बाजूंनी ५० जाड आहे, हे ती उचकटून जमिनीवर आडवी पडल्यावर डोक्यात शिरलं. होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, उपटताना विटांचे टवके उडाले ते वेगळेच.

चौकट निघाल्यावर भिंतीत राहिलेल्या भोकाची मापं आता अशी (सगळी मि.मी.मध्ये): रुंदी वर १३०५, मध्ये १३१२, खाली १३२२. उंची १३००. दोन कर्णांत १२ चा फरक. ओळंबा सोडला तर उजवी कड सरळ निघाली आणि सगळा तिरकेपणा डावीचा. या एका गोष्टीनं पुढचं बरंच ठरलं.

पहिला मोह अर्थातच दोन्हीकडे पन्नास-पन्नास सोडून पीयू फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस, मारायचा. तो मी आवरला. फोम फट बुजवतो, खिडकी धरून ठेवत नाही. फ्रेममधून निघालेला स्क्रू पन्नास मि.मी. फोममधून जाऊन मग विटेत घुसणार, म्हणजे मधला भाग अधांतरी. जोराचा वारा आला की फ्रेम हलणार. नुसता सिमेंटचा माल थापला तर तो पट्टा आकसून जुन्या भिंतीपासून सुटायची भीती. म्हणून फ्रेमभोवती १० ची फट ठेवायची आणि उरलेली सगळी जागा डाव्या बाजूला विटेनं भरायची. तिथे वर ८५ आणि खाली १०२ भरायचे होते. ७५ जाडीची वीट काठावर उभी, लांबी भिंतीच्या जाडीत, आणि मागे माल. जणू मापानं घडवलेली जागा! तोटा एकच: खिडकी मूळ मध्यापासून साधारण ४५ नं उजवीकडे सरकली. छज्ज्याखाली ती एका अंगाला गेल्यासारखी मला दिसते. घरात कुणाच्याच लक्षात आलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.

जुनी कड छिन्नीनं टोचून खडबडीत केली, भरपूर पाणी मारलं, सिमेंटची रबडी फासली. विटा आधीच भिजत होत्या. दर तिसऱ्या थराला ६ मि.मी.ची सळई जुन्या भिंतीत भोक पाडून ठोकली आणि तिचं टोक नव्या सांध्यात दाबलं. एका दमात सगळे थर चढवायला गेलो तर सहाव्यापाशी रांग पोटात फुगायला लागली. तिथेच थांबलो, उरलेले पाच दुसऱ्या दिवशी. शेवटची वीट छाटून बसवली.

खाली सिलला, म्हणजे खिडकीच्या बुडाच्या कट्ट्याला, काँक्रीट ओतलं. फ्रेमखाली सपाट ८०, तिथून बाहेर उतार. बाहेरची कड २५ पुढे काढली आणि खालून बोटाएवढी खाच ठेवली, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीवरून ओघळत नाही. मग ओली पोती टाकून आठवडाभर पाणी मारत बसलो. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच.

फ्रेम बसवताना प्लास्टिकच्या पाचरी जिथे स्क्रू तिथेच घातल्या. कोपऱ्यापासून १५० वर एकेक आणि मध्ये एक, असे बाजूला तीन. डावीकडचा मधला स्क्रू जरा जास्त पिळला आणि फ्रेम लगेच भिंतीकडे ओढली गेली. शटर (खिडकीचा सरकणारा भाग) वर-खाली घट्ट, मध्ये सैल. स्क्रू थोडा उलटा फिरवला, पट्टी लावून पाहिली, सरळ. फोम मारण्याआधी फ्रेमच्या आत मधोमध आडवी फळी अडकवली, नाहीतर फुगणारा फोम तिला आत ढकलतो. फट थोडी पाणी शिंपडून ओली केली आणि अर्धीच भरली. बाकी त्याची तो भरतो.

बाहेरून फटीत फोमची गोल दोरी दाबून वर सिलिकॉन. दोरी हवीच, कारण सिलिकॉन फ्रेमला आणि भिंतीला असं दोनच बाजूंना चिकटायला हवं. मागेही चिकटलं तर ताणायला वाव राहत नाही आणि फाटतं. एवढ्या फ्रेमची लांबी ३० अंशांच्या फरकानं अडीच मि.मी.च्या आसपास कमी-जास्त होते, त्यामुळे ताण रोजचाच.

काल पाइपनं पाणी मारलं. सुरुवात सिलपासून, मग बाजू, सगळ्यात शेवटी वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. सिलवर पाणी मारतानाच आतल्या डाव्या कोपऱ्यात दोन थेंब दिसले. भीतीपोटी खालच्या ट्रॅकमध्ये एक जादा स्क्रू मारला होता, त्याच्याच भोकातून. स्क्रू काढला, भोक सिलिकॉननं बुजवलं, ट्रॅकची पाणी जायची भोकं मालानं बुजली नाहीत ना ते तारेनं तपासलं. एक बुजलं होतं.

आता जुन्या-नव्या विटांच्या सांध्यावर जाळी मारून आतला गिलावा बाकी आहे. पाण्याची परीक्षा त्याआधी पुन्हा एकदा.