रिकामे कप

दुपारी जेवून मोबाइल हातात घेतला की यूट्यूब मला हमखास कुणाचा तरी प्रेमभंग दाखवतं. पंधरा-वीस मिनिटांची हिंदी शॉर्ट फिल्म, पियानोचे चार सूर, कॅफेतलं कोपऱ्यातलं टेबल. 'कैसी हो?' 'अच्छी हूँ. तुम?' इथून पुढे मी संवाद सोडून कपांकडे बघत बसते. कप रिकामे असतात. भरलेला कप माणूस जरा जपून उचलतो, हे लोक मात्र बोलता बोलता हवेत फिरवतात. दुःख खरं आणि कॉफी खोटी, हे काही मला सहन होत नाही.

कॅफेच का? स्वस्त पडतं म्हणून. एक जागा, दोन नट, एका रात्रीची परवानगी. मोठ्या सिनेमात प्रेमभंगाला हवेली लागायची, जिन्यावरून गरजणारा बाप लागायचा, पाऊस तर लागायचाच. शॉर्ट फिल्ममधल्या जोड्यांना आईबापच नसतात. का तुटलं विचाराल तर म्हणे 'टाइमिंग'. जात, पत्रिका, हुंडा, काहीच आड आलेलं नसतं. बाप आणायचा म्हणजे आणखी एका नटाचं मानधन!

तरी अधिराज बोसची २०१४ची 'इंटीरियर कॅफे नाइट' मला आवडते. त्यातही कॅफेच आहे, वर्षानुवर्षांनी झालेली भेटही आहे. पण समोर नसीरुद्दीन शाह आणि शेरनाझ पटेल असले की कपाकडे बघायला सवड कुठे मिळते?

गंमत म्हणजे यातल्या कितीतरी फिल्म ज्या 'लार्ज शॉर्ट फिल्म्स' या यूट्यूब चॅनलवर येतात, ते दुकान रॉयल स्टॅग व्हिस्कीचं. दारूची जाहिरात टीव्हीवर चालत नाही, म्हणून ब्रँड गोष्टी सांगतो. १९५५ सालच्या देवदासनं पिऊन पिऊन जीव दिला. आता व्हिस्कीवाल्यांच्या पैशावर माणसं कॉफी पितात, तीसुद्धा कपात नसलेली.

मामाच्या लग्नात धाकटी मावशी पंगतीत जिलबी वाढत होती. आग्रह म्हणजे छळच तिचा. पानावर हात आडवा धरला तरी बोटांवर जिलबी पडायची. एका पाहुण्यापाशी मात्र ती थांबली. जिलबी वाढली नाही. मागून येणाऱ्या मुलाला म्हणाली, "यांना मठ्ठा दे." मग त्या माणसाकडे न बघताच, "गोड अजून चालत नाही ना?" तो म्हणाला, "नाही." मावशी पुढच्या पानाकडे गेली आणि तिथे दोन जास्त वाढल्या. मला वाटलं, मधुमेहाचं काहीतरी असेल. रात्री गच्चीवर गाद्या घालताना आईनं विचारलं, "आला होता ना गं?"

"हो, जेवून गेला."

संपलं. ना पियानो, ना 'हम दोस्त तो रह सकते हैं'.

हल्ली मावशी माझ्याकडे आली की आम्ही दोघी मिळून या फिल्म बघतो. कॅफेतली ती दोघं एकमेकांना सगळं समजावून सांगतात, माफ करतात, मिठी मारतात. मावशी म्हणते, "एवढं बोलता येतं यांना, तर तेव्हा काय झालं होतं?"

मी उत्तर द्यायच्या आत तिनं जाहिरात वगळून पुढची लावलेली असते.