राक्षसाला मासा

डोंबिवलीला मामाकडे कॉम्प्युटर आला तेव्हा मामीने त्याला पडद्याच्या उरलेल्या कापडाचं झबलं शिवलं. तीनशे शहाऐंशी म्हणायचे त्याला. घरातल्या माणसांपेक्षा पंख्याचा वारा त्यालाच जास्त मिळायचा. १९९४च्या मे महिन्यात मी साताऱ्याहून सुट्टीला गेलो, तेव्हा दादाची दहावी नुकतीच आटोपली होती आणि त्याने कुठून तरी फ्लॉप्यांचा एक गठ्ठा पैदा केला होता. सोबत झेरॉक्स काढून कापलेल्या दोन गोल चकत्या, मधोमध टाचणी खुपसलेल्या.

खेळ होता 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'. लुकासफिल्म गेम्सचा, १९९० सालचा. सुरू केला की आधी एका समुद्री चाच्याचं थोबाड यायचं आणि खाली प्रश्न, याला अमुक ठिकाणी कोणत्या साली फाशी दिलं? चकत्या फिरवायच्या, वरचं कपाळ आणि खालची हनुवटी जुळवायची, खिडकीत दिसेल ते साल टाइप करायचं. ज्याने खेळ विकत घेतलाय त्यालाच आत सोडायची ही तजवीज. आमच्या झेरॉक्समध्ये निम्मे चाचे शाईत बुडाले होते, त्यामुळे कुणाची हनुवटी कुणाला लागायची देव जाणे. चाच्यांचा खेळ आपण चोरून खेळतोय, यातला विनोद तेव्हा दोघांच्याही डोक्यात शिरला नाही.

नायक गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक किडकिडीत पोरगा. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी, चाचा व्हायचं. "मामाकडे येऊन चाचा व्हायचंय म्हणे," मामी येता-जाता म्हणायची.

पडद्याच्या खालच्या भागात क्रियापदं मांडलेली असत. घे, दे, ढकल, ओढ, बोल. आधी क्रियापदावर क्लिक करायचं, मग वस्तूवर, की मध्ये आपोआप एक वाक्य तयार व्हायचं. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, आणि मी सातवीत जाणार होतो. 'गिव्ह'ला 'टू' लागतो आणि 'यूज'ला 'विथ', हे मी त्या ओळीवर शिकलो. पोटात कप्पी बसवलेली एक रबरी कोंबडी मिळते. ती तारेवर अडकवायची आणि लोंबकळत पलीकडच्या बेटावर घसरत जायचं. हे कुणाला सुचणार? आम्हाला सुचलं नाहीच. आमची पद्धत सोपी होती. खिशातली प्रत्येक वस्तू समोरच्या प्रत्येक गोष्टीला लावून बघायची आणि लावून झालं की दोनशे पानी वहीत फुली मारायची. विचारायला कुणी नव्हतं. इंटरनेट आमच्या गावीही नव्हतं, म्हणजे दोन्ही अर्थांनी.

तलवारबाजी मात्र मला पहिल्या दिवसापासून जमली. तिथे तलवारीपेक्षा जीभ चालते. समोरचा म्हणतो, तू गवळ्यासारखा लढतोस. आपण म्हणायचं, बरोबरच आहे, तू गाईसारखा लढतोस. कलगी-तुऱ्यातल्या सवाल-जवाबासारखंच, फक्त डफ-तुणतुणं नाही. आधी रस्त्यात भेटेल त्या चाच्याकडून मार खात खात टोमणे आणि त्यांची उत्तरं गोळा करायची. मग जिच्याशी शेवटची गाठ असते ती बाई सगळे टोमणे नवे काढते, आणि जुनीच उत्तरं त्यांना चपखल बसतात. घरी उलट उत्तर दिलं की पाठीत धपाटा, इथे विजय.

असे अडून बसायचे लाड परवडले ते हा खेळ रचणाऱ्या रॉन गिल्बर्टमुळे. त्या काळी असल्या खेळांत एक पाऊल चुकलं की तुम्ही मेलात, नाहीतर सुरुवातीला एखादी वस्तू घ्यायची राहिली म्हणून शेवटाला कायमचे अडकलात. या प्रकाराला वैतागून गिल्बर्टने १९८९ साली एक लेखच लिहिला होता. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांच्यासोबत त्याने हा खेळ केला, त्यात माणूस मरत नाही. एक जागा सोडून. गायब्रशला एका जड मूर्तीला बांधून समुद्रात टाकतात. तो म्हणत असतो, मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. आजूबाजूला सुऱ्या, तलवारी, दोर कापायला हवं ते सगळं, पण सगळं हातभर लांब. घड्याळी दहा मिनिटं गेली की तो खरंच मरतो आणि खालची क्रियापदं बदलतात. तरंग, फुग, कुज. आम्ही त्याला दोनदा कुजवला.

तिसऱ्या वेळी मामी पन्ह्याचे ग्लास घेऊन आली.

"कशाला बांधलंय रे त्याला?"

"मूर्तीला."

"मग मूर्तीच उचल ना."

दादा हसला. मी 'उचल'वर क्लिक केलं, मग मूर्तीवर. गायब्रशने मूर्ती कोटात घातली आणि शिडीने वर निघून गेला. मामीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ग्लास लगेच धुवायला टाका, एवढं सांगून ती गेली.

पण आमच्या वहीतली सगळ्यात लांब फुल्यांची रांग होती पुलावरच्या राक्षसाची. तो काहीतरी मागायचा. काय, ते वाक्य आमच्या इंग्रजीच्या बाहेरचं होतं. चार दिवस गेले. शेवटी खानावळीचा आचारी बाहेर गेल्यावर स्वयंपाकघरात घुसलो, मागच्या धक्क्यावर गेलो. तिथे एक मासा आणि त्याला टोचणारा समुद्रपक्षी. एक फळी सुटी होती. तिच्यावर पाय दिला की पक्षी उडायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. फळी, पक्षी, फळी, पक्षी, आणि मधल्या क्षणात मासा लंपास. तो राक्षसाला दिला. राक्षस खूष. "मला वाटलंच होतं," दादा म्हणाला. त्यानंतर मी त्याला आठवडाभर फार मान दिला.

परवा याच खेळाची २००९ सालची नवी आवृत्ती घेतली, या वेळी पैसे मोजून. त्यात एक कळ दाबली की चित्रं पुन्हा १९९०ची होतात, तशीच ठेवली. राक्षसापाशी पोचलो आणि प्रथमच त्याचं बोलणं नीट वाचलं. त्याला हवी असते लक्ष वेधून घेणारी, पण खरं तर काहीच महत्त्व नसलेली वस्तू. आणि तो मासा म्हणजे हेरिंग. लाल हेरिंग! इंग्रजीत माग भलतीकडे नेणाऱ्या गोष्टीला 'रेड हेरिंग' म्हणतात. रात्री साडेअकराला एकटाच मोठ्याने हसलो.

लगेच दादाला मेसेज टाकला, 'अरे, तो मासा रेड हेरिंग होता! तुला तेव्हाच कळलं होतं ना?'

निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं.

'नाही,' दादाने लिहिलं. 'बाकी सगळं देऊन झालं होतं.'