घटना त्याच, क्रम वेगळा

१९२० च्या आसपास रशियन फॉर्मलिस्ट लोकांनी, म्हणजे साहित्याची रचना तपासणाऱ्या समीक्षकांनी, गोष्टीबाबत एक भेद केला, फाबुला म्हणजे घटना खरोखर ज्या क्रमाने घडल्या तो, आणि स्यूझेत म्हणजे आपल्याला त्या जशा सांगितल्या जातात तो, आणि सिनेमा बघताना मला तरी यापेक्षा कामाची थिअरी सापडलेली नाही. सिनेमाचा अभ्यासक डेव्हिड बोर्डवेलने १९८५ च्या पुस्तकात हे सिनेमाला लावलं. पडद्यावर फाबुला नसतेच, ती प्रेक्षक स्वतः डोक्यात जुळवत बसतो!

‘मेमेंटो’ (२०००) घ्या ना. रंगीत सीन उलट्या क्रमाने येतात, मधले ब्लॅक अँड व्हाइट सरळ, त्यामुळे नव्या आठवणी टिकत नसलेल्या नायक लेनर्डसारखंच आपल्यालाही आत्ताच्या आधी काय झालं ते माहीत नसतं. सरळ लावला तर घटना त्याच राहतील, पण ती अस्वस्थता पार जाईल.